धूर निघेपर्यंत

बार्शीच्या स्टँडवर अण्णांनी करडईच्या तेलाचा डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि एसटी सुटेपर्यंत माझ्या बायकोला, कमलला, एकच सांगत राहिले, "सूनबाई, तेलातून धूर निघू द्यायचा नाही. धूर निघाला की तेल मेलं." घाण्यावर जन्म गेलेला माणूस. दुसरा आशीर्वाद सुचला नसावा.

हरियाणा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. केंद्र सरकारच्या नोकरीने मला चंदीगडला आणून टाकलं. डबा दिवाळीपर्यंत पुरला. मग पिंजौरच्या एक्सपेलरवरून, म्हणजे तेल काढायच्या लोखंडी यंत्रावरून, सरसोंचं तेल आणायला लागलो. आपण चिमूटभर फोडणीला घालतो ती मोहरी इथे पोत्यांनी पिळतात. कमल ते तेल अण्णांच्या शिकवणीप्रमाणे जेमतेम तापवायची. आमटी कडवट, भाजी नाकात झोंबणारी. मुलुखच असा, म्हणून आम्ही गिळत राहिलो.

पुढे आई गेली, घाणा बंद पडला आणि अण्णा आमच्याकडे कायमचे राहायला आले. भावंडांनो, तुम्हीच पाठवलंत त्यांना, माझ्या भरवशावर. पहिल्याच घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "ठसका लागला," म्हणाले. मग दूध-भात, मग नुसतं दूध. वनस्पती तूप वापरून बघितलं, तर तेल्याच्या घरात हे कसलं, म्हणून ताट सरकवलं. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही. माणूस डोळ्यांदेखत वाळत होता आणि मी रोज ऑफिसला जात होतो.

मन रमावं म्हणून एका रविवारी त्यांना पिंजौरला एक्सपेलर दाखवायला नेलं. सवयीने त्यांनी बाहेर पडणारी पेंड तळहातावर घेतली आणि टाकूनच दिली. घाण्याची पेंड अशी पोळत नसे. मग धारेखाली बोट धरून जिभेला लावलं.

"माल खरा आहे रे," ते म्हणाले. "तेलात खोट नाही. माझीच जीभ गेली."

त्या दिवसापासून एकच धोशा, मला परत पाठव. स्टेशनवर हात धरला तेव्हा तळहातावर त्या पेंडीचा फोड तसाच होता. तिकीट मीच काढलं होतं.

पंधरा दिवसांनी शेजारच्या पंजाबी आजी, बीजी, स्वयंपाकघरात डोकावल्या आणि ओरडल्याच, "भैणजी, पहलां तेल चों धुआं तां निकलण देओ!" त्यांनी स्वतः कढईतून धूर निघेपर्यंत तेल तापवलं, जरा निववलं, मग फोडणी घातली. कडवटपणा गेला. कमल ओट्याशी रडत उभी राहिली. त्याच दिवशी मी अण्णांना लिहिलं, तुमची जीभ शाबूत आहे, तेल आम्ही कच्चं घालत होतो, परत या. पत्र पोचायच्या आत तुमची तार आली.

तेराव्याला तुम्ही विचारलंत, "अण्णांना जेवायला घालत नव्हतास का?" मी पंगतीत वाढायला उठलो. घालत होतो. हेच घालत होतो.

आता मुलगी फोडणी करते. बार्शी तिला सुट्टीपुरती माहीत. बाहेरून येताना जिन्यात हा धूर आला की ती म्हणते, घर आलं. मलाही आता करडईचं तेल मिळमिळीत लागतं, हे तुम्हाला सांगायची लाज वाटते. ती कढईपाशी उभी राहून विचारते, "पापा, धुआं आ गया, जीरा डाल दूँ?"

मी 'घाल' म्हणतो. आणि रोज अण्णांच्या फोटोसमोर तेल मारतो.