चार वेळा एकच शब्द

आमच्या घरी एकच शब्द दोनदा वापरणं हा गुन्हा होता. बाबा डोंबिवलीतल्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि निबंधात शब्द परत आला की अर्धा मार्क कापायचे. मी त्यांचीच मुलगी आणि त्यांच्याच वर्गात, त्यामुळे माझे अर्धे मार्क जरा जास्तच उत्साहाने कापले जायचे. त्यांच्याकडे समानार्थी शब्दांची एक लांबट वही होती. ‘यूज’च्या पानावर युटिलाइज, अप्लाय, डिप्लॉय अशी मंडळी ओळीने बसलेली. ‘एम्प्लॉय’ला तर स्वतंत्र पान. त्यात हायर, एंगेज, रिक्रूट, अपॉइंट. ही पानं मला पाढ्यांसारखी पाठ होती आणि त्याचा मला भयंकर माज होता.

हा माज घेऊनच मी मानपाड्याच्या एका कारखान्यात ऑफिस असिस्टंट म्हणून लागले. कारखाना रबरी वॉशर बनवायचा, मी पत्रं बनवायची. मॅनेजरसाहेब एकदा म्हणाले, “तुझं पत्र वाचताना शेजारी डिक्शनरी लागते.” मी ते कौतुक समजून घरी सांगितलं. बाबांनीही ते कौतुकच मानलं.

कॅन्टीनमध्ये एक मावशी होत्या. रोज सकाळी सातला कोपरहून यायच्या. नऊ वर्षं आख्खा कारखाना त्यांच्या हातचं जेवत होता, पण त्या कंपनीच्या नव्हत्या, ठेकेदाराच्या होत्या. दर अकरा महिन्यांनी त्यांना पंधरा दिवस घरी बसवायचे आणि मग नव्याने घ्यायचे. म्हणजे कागदावर त्या सदानकदा नवख्याच. या प्रकाराला सगळे ‘ब्रेक’ म्हणायचे, जणू बाई माथेरानला जाऊन येतात. मावशी म्हणायच्या, “पंधरा दिवस नुसती फोनकडे बघत बसते. बोलावलं तर बोलावलं.”

त्या वर्षी ठेकेदार बदलणार होता आणि नवा ठेकेदार त्याची माणसं आणणार होता. यावेळचा ब्रेक कायमचाच होता. कामगार मालकांकडे गेले, म्हणाले, मावशींना कंपनीतच घ्या. मालक तयार झाले. फक्त ठाण्याच्या वकिलांनी पत्र तपासून द्यावं आणि सगळं महिनाअखेरच्या आत व्हावं, एवढीच त्यांची अट होती. पत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. दुपारचा चहा ठेवताना मावशी म्हणाल्या, “चांगलं लिही हं पोरी.”

“असं लिहिते मावशी, की बघतच राहाल.”

आणि लिहिलंही तसंच. पहिल्या वाक्यात मावशींना अपॉइंट केलं. दुसऱ्या वाक्यात तोच शब्द कसा घ्यायचा, म्हणून एंगेज केलं. तिसऱ्यात हायर. आणि शेवटी कळस म्हणून, त्यांची सेवा कॅन्टीनसाठी युटिलाइज करण्यात येईल. संध्याकाळी बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. “एकही शब्द रिपीट नाही. शाब्बास!”

चार दिवसांनी पत्र परत आलं. चार शब्दांभोवती लाल गोल होते आणि समासात वकिलांनी विचारलं होतं, ही व्यक्ती कंपनीची आहे, ठेकेदाराची आहे, की भाड्याने आणलेली आहे? मॅनेजरसाहेबांनी मला समोर बसवलं. “हे बघ, आपण टेम्पो हायर करतो. ठेकेदार एंगेज करतो. उरलेलं पॅकिंग मटेरियल युटिलाइज करतो. माणसाला अपॉइंट करतो. तू मावशींचं काय काय करून ठेवलंयस!”

मला आधी हसू आलं आणि मग भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. महिना संपायला दोन दिवस राहिले होते. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

मावशींना बातमी कळली होतीच. तरी चहा आणला, आलंही नेहमीइतकंच घातलेलं.

“काय चुकलं गं?”

“तुमचं काही नाही. माझं चुकलं.”

“मग दुरुस्त कर की. बसून काय राहिलीस?”

त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

घरी बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ वहीच्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, “तोच शब्द लिही. लागेल तितक्या वेळा लिही.” वही जागेवर ठेवत म्हणाले, “या एका पत्रापुरतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन पत्र टाइप केलं. प्रत्येक वाक्याला हात आपोआप वेगळ्या शब्दाकडे वळायचा, मी तो परत ‘अपॉइंट’वर ओढून आणायची. मग स्वतःच पत्र घेऊन ठाण्याला गेले. वकिलांनी उभ्या उभ्याच वाचलं, “आता कसं स्पष्ट कळतंय,” म्हणाले आणि कोपऱ्यात बारीक सही केली. महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी मालकांची सही झाली.

पत्र घेऊन मी धावतच कॅन्टीनमध्ये गेले. मावशींनी पदराला हात पुसले, पण कागद हातात घेतला नाही, ओला होईल म्हणून. “तूच वाच. आधी इंग्रजीत वाच, मला ऐकू दे.”

मी वाचायला लागले. तिसऱ्या वाक्याला त्यांनी हात वर केला.

“तोच शब्द परत आला ना?”

“हो.”

“आणि पुढं?”

“पुढंही आहे. चार वेळा आहे.”

“म्हणजे काय त्याचा अर्थ?”

“नेमलं. कंपनीने तुम्हाला नेमलं.”

मावशींनी शेगडी बंद केली आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या.

“नऊ वर्षांत एकदाही कुणी लिहून दिलं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “पहिल्यापासून वाच.”