अळणी आमटी

आधीच सांगून टाकते... देव्हाऱ्यासमोर घुमणाऱ्या बाईला "आधी दोन घास खाऊन घे, मग काय ते घुम" असं म्हणणाऱ्यांपैकी मी आहे. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. असल्या अनुभवांचं हे सदर मी आवडीनं वाचते, पण वाचता वाचता त्यातली खोट शोधत असते. म्हणूनच ही एक गोष्ट इतकी वर्षं बाहेर काढली नाही. दुसऱ्या कुणी सांगितली असती, तर मी काय म्हटलं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही नसरापूरजवळ वरव्याला राहायचो — वडील म्हणजे तात्या, आई, माझा मोठा भाऊ म्हणजे दादा, आणि मी. आईचं माहेर वेल्ह्याच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला. तिथं तिचा धाकटा भाऊ, श्रीपतीमामा. माझं लग्न ठरलं होतं, पण घरात आनंद कमी आणि धाकधूक जास्त. कारण आई आणि मामा एकमेकांशी बोलत नव्हते. आणि त्याला कारण होतं मीठ.

आजीच्या, म्हणजे आईच्या आईच्या, अंगावर सूज आली, तेव्हा वैद्यांनी तिचं मीठ तोडलं. मामा तिला जिवापाड जपायचा, पण शब्दाला पक्का. रोज अळणी पेज. म्हातारी हात पसरून चिमूटभर मीठ मागायची आणि मामा डोळे पुसत नाही म्हणायचा. आई भेटायला गेली, तिला ते बघवलं नाही. तिनं मीठ घालून चवीची आमटी केली आणि आजीला भरवली. आजी पोटभर जेवली... आणि दोनच दिवसांत गेली. तिरडी उठायच्या आधी मामानं सगळ्या भावकीसमोर आईला सुनावलं, "तुज्या मिठानं मारली तिला. हितनं फुडं तुज्या हातचं मीठ मला आईच्या रगतावानी!"

आई रडलीसुद्धा नाही. पण त्यानंतर स्वयंपाक करताना तिचा हात मिठाच्या बरणीपाशी थबकायचा, हे मी रोज बघत होते. आपण आपल्या आईला मारलं की काय, हा प्रश्न तिनं कुणालाच विचारला नव्हता.

आता लग्नात मामाशिवाय कसं चालणार? मामानं निरोप धाडला, "पोरीला बोहल्यावर म्या आणीन, पर पंगतीला बसणार न्हाई." मुलीचा मामा मांडवातून उपाशी उठला तर सासरची माणसं काय म्हणतील! आईनं उलट निरोप दिला, "मग येऊच नको म्हणावं." एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं!

तोड काढली तात्यांनी. दादा पुण्याला भूगर्भशास्त्र शिकत होता. कॉलेजच्या सहलीत लोणारचं खारं सरोवर बघून आल्यापासून त्याच्या तोंडी लाव्हा आणि दगड यांशिवाय दुसरा विषय नव्हता. तात्या म्हणाले, "मामाच्या गावावरच्या पठारावर जाऊ. दादा आपल्याला दगड दाखवील, तिथंच चूल मांडू. ना आपलं घर, ना त्याचं." मामा तयार झाला, पण अट घालूनच — जेवण अळणी असेल तर खाईन. आई म्हणाली, "आमीबी समदी अळणीच खाऊ." मीठ घेतलं नाहीच, पण आमच्या घरच्या मसाल्यातही मीठ असतं, म्हणून तो डबाही तिनं काढून ठेवला. तांदूळ, मसूर, चिंच, लसूण, सुक्या मिरच्या आणि थोडं तेल. पिशवी मी स्वतः भरली, त्यामुळे हे छातीठोकपणे सांगते.

एसटीनं वेल्ह्याला उतरलो, पुढं चालत. मामा गावाबाहेर थांबला होता. "या दाजी," असं तात्यांना म्हणाला, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि आईकडं न बघता चालू लागला.

पठारावर सगळा काळा कातळ. जागोजागी भोकं, त्यांत पांढऱ्या गारगोट्या चमकत होत्या. दादाला ऊत आला. "मामा, हा अख्खा डोंगर एकेकाळी उकळत होता. ही भोकं म्हणजे त्यातले बुडबुडे!"

"तुज्या मास्तरानं पळी घालून ढवळला व्हता का रं?" मामा म्हणाला. आईला हसू फुटलं, ते तिनं पदरात दाबलं.

कातळात खोदलेलं एक जुनं टाकं होतं. गुराख्यांचं प्यायचं पाणी तेच. आजी तरुणपणी या पठारावर गुरं राखायची, तीही याच टाक्याचं पाणी प्यायची. चढून दमलेले आम्ही सगळे तिथं ओंजळीनं प्यालो. थंडगार, गोडं पाणी. मामा तर दोनदा प्याला.

मग दादानं त्याच टाक्यातून हंडा भरला. आईनं भात टाकला, आमटी केली. मीठच नाही म्हटल्यावर चाखायचं तरी काय! पत्रावळी मांडल्या, आईनं वाढलं. मामानं पहिला घास घेतला आणि त्याचं तोंड थांबलं.

"आक्का..." किती दिवसांनी तो तिला हाक मारत होता! "मीठ घातलंस?"

"न्हाई."

"खोटं बोलू नको. ह्यात मीठ हाय."

आईनं घास घेतला, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. आम्हीही खाल्लं. आमटीत मीठ, भातातही मीठ — अगदी बेताचं, चवीपुरतं. आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "ह्या पोरीची आन हाय शिरपा, म्या चिमूटसुदिक आणलं न्हाई."

मामा उठला, तरातरा टाक्याकडं गेला. आम्ही मागोमाग. त्यानं ओंजळ भरून तोंडाला लावली आणि तसाच कातळावर खाली बसला. मी प्याले. तासा-दीड तासापूर्वी गोडं असलेलं ते पाणी खारट होतं. दादा पुनःपुन्हा चाखत होता.

ओल्या तळव्यांकडं बघत मामा म्हणाला, "ती चिमूटभर मागत व्हती, आक्का. म्या दिलं न्हाई. आन तिनं बघ... मला टाकंभर दिलं." मग आईकडं बघून म्हणाला, "जाताना तिच्या तोंडाला चव व्हती. ती तुज्यामुळं."

आई त्याच्या शेजारी बसली आणि आजी गेल्यापासून पहिल्यांदा हमसून हमसून रडली. त्यानंतर मामानं परत येऊन पत्रावळीतला भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.

आता तुमच्या मनात जे येईल, ते सगळं माझ्या मनात येऊन गेलंय. तात्यांचीच करामत असेल म्हणून मी त्यांना खोदून विचारलं. ते म्हणाले, "अगं, एवढं टाकं खारट करायला पोतं लागलं असतं. मी काय पोतं धोतरात लपवून चढलो?" दादानं निघताना बाटली भरून घेतली होती, भरताना पाणी चाखलं, तेव्हा खारटच. कॉलेजात तपासली तर साधं गोडं पाणी! पुढं मी शिक्षिका झाल्यावर मुलांना घेऊन त्या पठारावर कितीदा तरी गेले. दर वेळी आधी ते पाणी चाखलं. दर वेळी गोडं. मी अजूनही अंधश्रद्धेच्या विरोधात तावातावानं बोलते. फक्त या एका गोष्टीपाशी माझ्याकडं उत्तर नाही, आणि ते नाही हे सांगायला मला लाजही वाटत नाही.

लग्नात मामानं मला बोहल्यावर आणलं. नंतर पंगतीत तो सगळ्यांत पुढं बसला. आई दुसऱ्यांदा मीठ वाढत त्याच्यापाशी आली आणि तिचा हात सवयीनं थबकला. मामानं आधीच पानातलं सगळं मीठ चाटून संपवलं होतं. पान तिच्यापुढं सरकवत तो भर मांडवात म्हणाला, "आक्का, थांबलीस का? मीठ वाढ."