पूजेला मांडलेला रीडर

तो अर्ज मला अजून आठवतो. दसऱ्यानंतरचा चौथा दिवस, सकाळचे साडेदहा. अर्जात लिहिलेली किंमत एक लाख अठरा हजार रुपये. ठाण्यात माझ्या टेबलासमोर तिघे: नागापूरच्या एका कारखान्याचे मॅनेजर, त्यांचा गेटवरचा रक्षक आणि स्टोअरमध्ये रोजंदारीवर काम करणारी तिशीची एक बाई. संशय तिच्यावर.

हरवलेली वस्तू होती आरएफआयडी रीडर. मॅनेजरांनी फोटो दाखवला. पिस्तुलासारखी मूठ, तिला चाप. चाप ओढला की मालाच्या पेट्यांना लावलेले टॅग लांबूनच वाचले जातात आणि कोणती पेटी कुठे आहे ते पडद्यावर दिसते. तेल, धूळ, काँक्रीटवर आपटणे, सगळे सोसणारा. आमचा हवालदार म्हणाला, "साहेब, आपल्या पिस्तुलापेक्षा दणकट दिसतंय."

स्टोअरला असा एकच रीडर होता. खंडेनवमीला दुपारी अडीचला बाईने तो चार्जरवर लावला, तशी रजिस्टरला सही होती. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. कारखाना उघडला तेव्हा चार्जर रिकामा. त्याच सकाळी तिला गेटवर अडवले आणि कामावर घेणे बंद केले. महिनाअखेरीस कायम होणाऱ्यांच्या यादीत तिचे नाव होते. गुन्हा दाखल झाला असता तर ते नाव खोडले गेले असते.

रक्षकाची खबर एवढीच: "साडेतीनला बाहेर पडली साहेब. पिशवी लई जड हुती."

"काय होतं पिशवीत?"

"डबा, झेंडू आन घरच्या पूजेचा नारळ," ती म्हणाली. "आन चोरायचंच हुतं तर सही कशाला केली असती मी?"

प्रश्न रास्त होता, पण तो पुरावा नव्हे. सही करून चोरणारेही मी पाहिले आहेत. मी अर्ज चौकशीवर ठेवला, गुन्हा नोंदवला नाही.

दुसऱ्या दिवशी स्टोअर पाहिले. कुलूप शाबूत. चार्जरच्या रिकाम्या खाचेशी वाकलो तर कडेला हळदीकुंकवाचे बोट उमटलेले. मला आमचे ठाणे आठवले. खंडेनवमीला आम्हीही रायफली पूजेला मांडतो. पण पूजा झाली की हवालदार एकेक मोजून आत घेतो आणि रजिस्टरला नोंद करतो.

मी कामगारांना गोळा केले. "पूजेला काय काय मांडलं होतं?"

"पाने, व्हर्निअर, हातोडे, ड्रिल..." एकजण मोजू लागला आणि थांबला. "आन त्यो रीडर बी हुता की! झेंडूत पार बुडवला हुता त्याला!"

"मग पाच दिवस गप्प का बसलात?"

"समद्यांनी चोरीचंच इचारलं साहेब. पूजेचं कुनी इचारलं?"

मॅनेजर खाली पाहू लागले. त्या पूजेचा नारळ त्यांनीच फोडला होता.

मांडणी केली होती लेथवरच्या तात्यांनी. निवृत्तीला आलेला कारागीर, दसऱ्यालाच रजा टाकून खर्ड्याला पेरणीसाठी गेलेला. फोन लावला. "माझ्या कपाटात हाय की, लाल फडक्यात. चावी माझ्या करदोऱ्याला."

ते सातव्या दिवशी सकाळच्या एसटीने आले. आमच्यासमोर कपाट उघडले. रीडर निघाला, चापाच्या खोबणीत सुकलेल्या पाकळ्या.

"तात्या, हे पूजेला का घेतलंत?" मी विचारले.

"का म्हंजे? माझा पाना हत्यार, तसं तिचं ह्ये. ही पूजेआधीच घरी गेल्याली. सगळ्यांनी आपापलं उचललं, ह्ये राहिलं. पूजेचं हत्यार ज्याचं त्याच्या हातात द्यावं म्हनून ठेवलं." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "घे पोरी. लई तरास झाला व्हय माझ्यापायी?"

"मला आधी सांगायचं तरी तात्या," ती म्हणाली आणि डोळे पुसत हसली. तिने रीडर चार्जरवर लावला, दिवा पेटला.

तेहतीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो प्रश्न विचारले. माणसे खोटे बोलतात म्हणून तपास अडतो, असे मी नव्या पोरांना सांगायचो. त्या दिवसापासून आणखी एक सांगू लागलो: जेवढे विचारले तेवढेच सांगणारी खरी माणसे त्याहून जास्त असतात. त्यांना चोरीबद्दल नव्हे, त्या दिवसाबद्दल विचारावे.

तक्रार अर्ज निकाली निघाला. महिनाअखेरीच्या यादीत तिचे नाव राहिले. मधला रविवार वजा जाता बुडलेल्या सहा दिवसांचा रोज, पाचशे चाळीसप्रमाणे तीन हजार दोनशे चाळीस रुपये, मॅनेजरांनी त्याच दिवशी माझ्यासमोर तिच्या हातात दिले. तिने दोनदा मोजले आणि मगच सही केली.