पिकअपचा दम

आमच्या पिकअपला गार हवेचा पाइप बसवायचं घरात निघालं तेव्हा मला वाटलं, चला, केबिनमध्ये एसी येतोय. उन्हाळाभर त्या सीटवर मी भाजून निघाले होते. मग यांच्या भाच्याने मोबाइलवर व्हिडिओ दाखवून माझा गैरसमज दूर केला. गार हवा आमच्यासाठी नव्हती, इंजिनसाठी होती. "मामी, इंजिन पण श्वास घेतं. बाहेरची थंड हवा डायरेक्ट मिळाली की पॉवर वाढते," तो म्हणाला. भाचा आयटीत आहे. त्याची स्वतःची गाडी बिबवेवाडीत शिरली की आमच्या गल्लीतली कुत्री उठून बसतात, एवढा तिचा आवाज. त्यामुळे त्याच्या सल्ल्याची मला आधीच धास्ती.

आमचा धंदा फुलांचा. शिरवळकडच्या शेतांतून झेंडू, शेवंती उचलायची आणि मार्केट यार्डात गाळ्यावर पोचवायची. गाडी हे चालवतात, मी शेजारी बसते. पूर्वी बसत नव्हते. मध्यंतरी यांच्या छातीत दुखलं, स्टेंट बसला. पुढे डॉक्टरांनी हळूहळू कामाला लागा म्हटलं, त्यातलं 'हळूहळू' दवाखान्यातच सोडून हे घरी आले आणि गाडीची किल्ली शोधायला लागले. तेव्हापासून क्रेट मोजून घ्यायच्या निमित्ताने मी बरोबर जाते. क्रेट काय, कुणीही मोजेल. मी यांचा श्वास ऐकत बसते.

एकदा गाळ्यावर कुणीतरी गमतीत म्हणालं, "काका, गाडीत आता दम नाही राहिला. घाटात सायकलवाले तुम्हाला मागे टाकतात!" सगळे हसले, हेही हसले. पण घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाले, "दम नाही म्हणे." ते बोलणं आता गाडीचं उरलं नव्हतं. ऑपरेशनपासून तो शब्द मी घरात जपून वापरत होते. भात शिजायचा असला तरी 'जरा दम धरा' म्हणत नव्हते, 'थोडं थांबा' म्हणायचे.

आता अशा माणसाला, तो पाइप कशाला हवाय, असं कोणत्या तोंडाने सांगणार? स्वारगेटजवळच्या गॅरेजमध्ये गेलो तेव्हा मेकॅनिकलाच विचारलं, "याचा खरंच उपयोग होतो का हो?"

"आवाज येतो," तो म्हणाला. "लोकांना तोच हवा असतो. तुमची गाडी, तुमची हवा. बसवू की नको?"

"बसवा," हे म्हणाले.

एअर फिल्टरचा जुना काळा डबा निघाला. त्या जागी चकचकीत पाइप आला आणि त्याच्या टोकाला, पुढच्या जाळीच्या मागे, लालभडक शंकूसारखा फिल्टर. तेलकट कापडी जाळीचा. हे त्याच्याकडे कौतुकाने बघत होते तेवढ्यात मी तो डबा उचलला, जुन्या साडीत गुंडाळला आणि सीटमागे सरकवून दिला. का, ते मलाही नीट सांगता आलं नसतं. काढलेली वस्तू हाताशी असली की मला जरा बरं वाटतं.

पाइपने एक झालं. ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून मोठा सुस्कारा यायचा, आणि तो ऐकून हे ताठ बसायचे. "बघितलंस?" विचारायचे. मी बघत होते ते वेगळंच. कात्रजच्या घाटात ज्या वळणावर गाडी आधी दुसऱ्या गिअरवर यायची, त्याच वळणावर आताही येत होती. आवाज वाढला होता, गाडी तीच होती. हे मी बोलले नाही. प्रत्येक सुस्काऱ्याला मात्र माझं काळीज लक्कन हलायचं, हा आवाज गाडीचा की यांचा म्हणून.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे गाडी, वजनकाटा, कात्र्या, दोरे, सगळ्यांची पूजा असते. यांनी बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "हा नवा पाहुणा आहे. याचीही कर." मी लाल फिल्टरला हळद-कुंकू वाहिलं. चांगलं भरभरून वाहिलं, कारण मनातल्या मनात मी पाइपासाठी काही मागत नव्हते. वर झेंडूची छोटी माळ घातली. यांनी हात जोडले, बॉनेट लावलं आणि दसऱ्याचा शेवटचा माल आणायला आम्ही निघालो.

येताना गाडी झेंडूने गच्च भरलेली. हायवेवर वाहनांची रांग लागलेली म्हणून यांनी कात्रजच्या जुन्या घाटाने घेतलं. जाताना मोकळ्या गाडीने जे लपवलं होतं ते चढावर बाहेर आलं. गाडी ओढेना. मागे काळा धूर, पुढे स्टिअरिंगमागे इंजिनचा लाल दिवा. दुसरा गिअर, मग पहिला. घाटमाथ्यावरचा बोगदा अजून वर होता आणि गाडी आचके देऊन बंद पडली. यांनी ब्रेक दाबून धरला. तरी गाडी जरा मागे सरकलीच.

"दगड!" हे ओरडले.

मी उडी मारली. कडेचा दगड दोन्ही हातांनी ओढत आणून मागच्या चाकाला लावला. मागची बस हॉर्न वाजवत बाजूने निघून गेली. हे खाली उतरले तेव्हा कपाळ घामाने भिजलं होतं. मी गाडीकडे बघितलंच नाही, यांचा हात कुठे जातोय ते बघत होते. हात खिशाकडे गेला, रुमाल निघाला. मला रडू यायचंच बाकी होतं.

बॉनेट उघडलं. तेलकट जाळीवर माझ्या हळद-कुंकवाचा चिखल झाला होता. माळ तुटून तिच्या पाकळ्या त्यात घट्ट रुतल्या होत्या. हवा जायला जागाच नव्हती.

"अगं, पूजा केलीस की लेप लावलास?" हे म्हणाले.

मी सीटमागून साडीतलं गाठोडं काढलं. डबा बघून यांचं हसू गेलं.

"हा भंगारात नाही गेला?"

"नाही."

"म्हणजे तुला वाटतच होतं, चढणार नाही."

कोण चढणार नाही ते यांनी म्हटलं नाही. एवढे दिवस मी याच प्रश्नाला घाबरत होते. म्हटलं, आता खोटं बोलायचं नाही. "गाडीची मला कधीच भीती वाटली नाही," मी म्हणाले. "तुमची वाटते. रोज वाटते. म्हणून येते बरोबर. क्रेट मोजायला नाही येत."

यांनी डबा माझ्या हातातून घेतला. मग झाकण उघडून आतला कागदी फिल्टर काढला आणि टायरवर आपटला. धुळीचा लोट उठला. पुन्हा आपटला, पुन्हा तेवढीच धूळ. "आजारपणाच्या गडबडीत हा बदलायचाच राहिला," हे पुटपुटले. यांनी नवा पाइप सोडवला, मी डबा जुन्या जागेवर धरला तर त्याचं नाकाड सरळ हेडलाइटच्या मागे, बाहेरच्या हवेत गेलं.

"अहो, हाही बाहेरचीच गार हवा घ्यायचा की!"

"हो," हे म्हणाले. "मग काय तर."

डब्याच्या पट्ट्या आवळायला यांनी पाना घेतला. "मला द्या," मी म्हणाले. एरवी दिला नसता. दिला, आणि दगडापाशी उभे राहून कुठली पट्टी आधी ते सांगत राहिले.

गाडी सुरू झाली. आवाज नाही, सुस्कारा नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर हळूहळू चढलो. मागच्या सगळ्यांनी आम्हाला ओलांडलं, पण यांनी कुणाकडे बघितलं नाही. बोगद्याच्या तोंडाशी आलो आणि यांनी गाडी कडेला घेतली. इतक्या वर्षांत हे तिथे कधी थांबले नव्हते. मी यांच्याकडे वळले.

"काय झालं?"

"काही नाही. जरा दम खाऊ दे."

"गाडीला?"

"मला," हे म्हणाले, आणि पाण्याच्या बाटलीसाठी हात पुढे केला.