तांदळाच्या कणीएवढा चुना

भिंगवाले सर कुठल्याही जुन्या भिंतीला आधी हात जोडत आणि मग नख लावत. माझ्या सासुरवाडीला चहा येईपर्यंत त्यांनी बैठकीच्या भिंतीचा एवढा पोपडा काढला, की सासूबाई अजून मला त्या भिंतीला पाठ लावून बसवतात. भोक झाकायला जावई कामी आला.

जुन्या दगडी वास्तूंवर बसलेले चुन्याचे, रंगाचे, काजळीचे थर सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे, हे सरांचं काम. भिंतीतून तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढायचा, तो घासून त्याचा आडवा छेद बघायचा. मी त्यांचा मदतनीस. वय चौतीस, दोन पोरांचा बाप, अक्कल बेताची.

कोंढ्याजवळच्या एका गावात शंकराचं दगडी देऊळ होतं. दरवर्षी दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या आधी गावकरी त्याला चुना मारत. सर त्या छेदात वर्षं वाचत. चुन्याचा पांढरा, काजळीचा काळा, पुन्हा चुना. एखादी काळी रेघ जाड दिसली की म्हणत, "या साली चुना नाही लागला. काहून नसंन लागला? गाव बिमार होतं का?" आणि त्या न पाहिलेल्या गावासाठी खरोखर हळहळत. मला तिथे जळका पापड दिसे.

"एका भिंतीले एकच घाव," हा त्यांचा नियम. उत्तरेच्या भिंतीला त्यांनी नख लावलं, "खाली काहीतरी आहे बापा," म्हणाले, एकच कणी काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि चहा प्यायला बाहेर गेले. मी शिंकलो.

कणी गेली. मी गुडघ्यांवर रांगू लागलो. दर्शनाला आलेल्या आजीने विचारलं, "काय हरपलं, बाबू?"

"कणी."

"मंग एवढा काहून रडतेस? घरून मूठभर आणून देतो ना!"

सरांना सांगितलं असतं तर शिव्या पडल्या असत्या, एवढंच. पण मी दाराजवळच्या, दरवर्षी भिंतींबरोबरच चुना लागणाऱ्या ओट्याचा टवका काढला, बाटलीत टाकला आणि वर लिहिलं, 'उत्तर भिंत'. चुना तो चुना!

प्रयोगशाळेत सर बराच वेळ भिंगातून बघत राहिले. "नख तं काही वेगळंच सांगत होतं," म्हणाले. पण दिसलं तेच लिहायचं, म्हणून त्यांनी लिहिलं, 'चुन्याखाली रंग नाही. दगडापर्यंत साफ करण्यास हरकत नाही.' मी शेजारीच उभा होतो. शाईचं पेन मीच दिलं.

साफसफाईच्या दिवशी ओल्या ब्रशाखालून लाल पाणी वाहिलं. चुन्याखाली वेली होत्या, पाखरं होती. सर "थांबा, थांबा!" करत धावले आणि दोन्ही हात भिंतीवर दाबून उभे राहिले, जणू वाहणारा रंग तळव्यांनी अडणार होता. वीतभर वेल वाचली. सर मला म्हणाले, "बाबू, माहे डोळे गेले रे."

त्यानंतर ते सूक्ष्मदर्शकाला बसले नाहीत. मला बसवलं.

मी सांगणारच होतो. दुसऱ्या दिवशी, मग दिवाळी झाल्यावर, मग नोकरी पक्की झाल्यावर. नोकरी पक्की झाली, ती सरांच्याच शिफारशीने. सर गेल्या पावसाळ्यात वारले.

त्याच्या आदल्या वर्षी भंडाऱ्याला त्यांच्या घरी गेलो होतो, ते सगळं सांगायचं असं एसटीत पाठ करून. मी तोंड उघडणार, तोच सर म्हणाले, "डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलो होतो. म्हणते, नजर एकदम साफ आहे. त्याले काय समजते? येवढा लाल रंग मले दिसला नाही! डोळ्यातच खोट असंन. नाही का रे?"

मी म्हणालो, "हो सर. दुसऱ्या डॉक्टरला दाखवू."

आणि दाखवलं. स्वतः नागपूरला घेऊन गेलो, दोनदा.