तळमजल्याची अदलाबदल

घाटकोपरच्या आमच्या सरकारी वसाहतीवर आता सगळ्यांचाच डोळा आहे. कामगारांसाठी या बिल्डिंगी बांधल्या तेव्हा आजूबाजूला नुसतं खाजण होतं, यायला कुणी तयार नव्हतं म्हणे. आमची माणसं आली, डास मारत राहिली, वस्ती केली. आता इथे टॉवर व्हायचाय, तर आम्हीच नकोसे झालो!

आमच्याकडे एक रीत होती. वरच्या मजल्यावर कुणाचे पाय गेले, की तळमजल्यावरच्या धडधाकट घराने वर जायचं आणि त्यांना खाली घ्यायचं. दोन्ही बिऱ्हाडं एका दिवसात हलायची, रात्रीचं जेवण एकत्र व्हायचं. कागद कोण करतंय! तिसऱ्या मजल्यावरच्या काकू जिन्यावरून पडल्या. मूलबाळ नाही, नवरा आधीच गेलेला. आईने त्यांना आमची खालची खोली दिली आणि आम्ही त्यांच्या खोलीत गेलो. वाटपपत्रं होती तशीच राहिली. आज आईचेही गुडघे धरतात, पण खोली परत दे असं तिने कधी म्हटलं नाही.

मग पुनर्विकासाचा सर्व्हे आला. साहेबाने वाटपपत्रावरचा खोली नंबर बघितला, दारावरचा बघितला आणि दोघींना अपात्र करून टाकलं. मी म्हटलं, अहो, नुसती अदलाबदल आहे, आजच्या आज परत करतो. तर म्हणे, सर्व्हे झाला, आता काही होत नाही. एकच वाट आहे. एकीने लिहून द्यायचं की मी दुसरीच्या खोलीत जबरदस्तीने घुसले. मग त्या दुसरीला घर मिळेल. मेला असं सांगत होता, जणू रेशनकार्डावरचा पत्ता बदलायचाय.

माझं टाळकंच सटकलं. वर आईच्या खोलीत येऊन मी तिला सांगितलं, काकूंकडून लिहून घेते, नाही दिलं तर भाग पाडते. हो, बोलले मी तसं. खोटं कशाला सांगू?

आई म्हणाली, "तिचं कोण आहे गं? मला तू तरी आहेस."

मी! दहिसरला भाड्याच्या खोलीत, दर अकरा महिन्यांनी घरमालकाच्या पाया पडणारी मी! खूप भांडले, नको नको ते बोलले. तिने कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. तिला सही तेवढी येते.

म्हणून लिहिलं मीच. ही बाई दुसरीच्या घरात जबरदस्तीने घुसली, असं माझ्या आईबद्दल, माझ्या हाताने. सही करायच्या आधी तिने विचारलं, "नीट लिहिलंस ना? तिला अडचण नको यायला."