फाटकाला लावलेली कुंडी

जपानमध्ये, कावासाकीत नवऱ्याच्या कंपनीने दिलेल्या घरामागे छोटा स्विमिंग पूल होता. भोवती उंच कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक. ते तपासायला दर महिन्याला एक वयस्कर गृहस्थ यायचे. फाटक आधी पूर्ण उघडून सोडायचे, मग जेमतेम वीतभर उघडून सोडायचे. दोन्ही वेळा खटका बसला, की त्याच्याकडे बोट रोखून एकटेच मोठ्यांदा म्हणायचे, "योशी!" म्हणजे, ठीक आहे. मला हसू यायचं. एवढं काय ते!

एका रविवारी आमच्याकडे चार मराठी कुटुंबं जेवायला आली. ताटं घेऊन पूलपाशी सारखी ये-जा, म्हणून मी उघड्या फाटकाला कढीपत्त्याची कुंडी लावून ठेवली. सोमवारी ते गृहस्थ तपासणीला आले, तेव्हाही ती तिथेच होती.

"पाहुणे आले होते," मी ओशाळून मोडक्या जपानीत म्हणाले.

त्यांनी कुंडी दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली. माझ्या कडेवरच्या मुलीकडे बघत म्हणाले, "आमची हिच्याएवढीच होती. त्या दिवशी आमच्याकडेही पाहुणेच आले होते."

फाटक आपोआप बंद झालं. खटका बसला. त्यांनी बोट रोखलं, पण शब्द काही फुटला नाही.